निळ्या पट्टीचे सेल

धसईपलीकडच्या वाडीत देवजीच्या होकाराला कुणी किंमत देत नसे. कानाने पार गेलेला माणूस. समोरच्याचे ओठ हलले की मान डोलवायची आणि "हो, हो" म्हणायचं, ही त्याची जुनी खोड. टवाळ लोक मुद्दाम विचारत, देवजीकाका, तुमचा बैल मला देता का? हा म्हणे, हो, हो. मग मुरबाडच्या शिबिरात त्याला कानामागे लावायचं यंत्र मिळालं आणि लोकांची ती मजा गेली.

यंत्राला शर्टाच्या बटणाएवढा सेल लागे, पाठीवर निळी चिकटपट्टी असलेला. दसऱ्याला त्याच्या बायकोने, ताराबाईने, कोयते-विळ्यांसोबत त्या सेलांचीही पूजा मांडली. नवऱ्याला माणसांत आणणारी वस्तू, तिला मान नको? पण गुळगुळीत पट्टीवर कुंकू टिकेना. मग तिने पाकिटातल्या पाचही नव्या सेलांच्या पट्ट्या सोलून काढल्या आणि धापा टाकत एकेकाला हळदीकुंकवाचं बोट लावलं.

दिवाळी सरेपर्यंत ती धाप वाढत गेली आणि ताराबाईने अंथरूण धरलं. कल्याणच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. नेमके तेव्हाच पाचही सेल लागोपाठ मेले. आईच्या सेवेला माहेरी आलेल्या जयश्रीने शिबिरातल्या बाईंना फोन लावला. पट्टी निघाली की सेलात हवा शिरते आणि तो तेव्हापासूनच संपायला लागतो, वापरा नाहीतर ठेवून द्या, असं बाई म्हणाल्या. जयश्रीने ते वहीच्या पानावर लिहून बापाला दाखवलं.

देवजी धसईला घड्याळवाल्या हरेशकडे गेला. हरेशने जुन्या सेलाशेजारी एक नवा धरला. रुंदी तीच, जाडी तीच. खेळण्यातल्या गाडीचा आहे, पण मापाला तंतोतंत, हे त्याने खुणांनी पटवलं. विळ्याला कुठलीही मूठ ठोकून बसवणाऱ्या देवजीला ते पटायला वेळ लागला नाही.

घरी येऊन सेल घातला तर खरंच ऐकू आलं. पहिला आवाज ताराबाईच्या धापेचा. अशा वेळी माणसाने दोन मऊ शब्द बोलावेत. पण भीती वाटली म्हणजे देवजीला रागच यायचा.

"कोनी सांगितलं व्हतं तुला सेल सोलायला? आता तुजं कसं आयकू मी?"

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण तो सुटलाच. कधीच्या फुटलेल्या माठापासून करपलेल्या भाकरीपर्यंत सगळं काढलं. शेवटी ताराबाईने तोंड उघडलं, आणि यंत्रात खरखर झाली, बारीक शिट्टी वाजली, सगळं बंद पडलं. खेळण्याच्या सेलात यंत्राला पुरेल असा दम नव्हता. होता तेवढा देवजीच्याच बोलण्यात गेला.

सकाळी तो पहिल्या एसटीने मुरबाडला निघाला. ताराबाईने त्याचं मनगट धरलं. तिचे ओठ हलले, डोळे त्याच्या तोंडावर खिळले. गाडी चुकेल या घाईत देवजीने मान डोलवली, "हो, हो" म्हणाला आणि हात सोडवून घेतला.

मुरबाडच्या चष्मेवाल्याने जुन्या सेलावरचा आकडा वाचून निळ्या पट्टीचं पाकीट काढून दिलं. आकडा बघून सेल घ्यायचा, नुसतं माप बघून नाय, हे त्याने कागदावर लिहिलं. खाली आणखी एक ओळ होती, की एका वेळी एकच पट्टी काढा आणि मिनिटभर थांबून सेल घाला. येताना देवजीने पाकीट छातीच्या खिशात ठेवून वर हात दाबून धरला होता.

बारा वाजता तो पोचला तेव्हा अंगणात माणसं उभी होती. कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

तो ताराबाईच्या उशाशी बसला. एक पट्टी सोलली, सेल मिनिटभर तळहातावर ठेवला, मग यंत्रात घातला. बायकांचं रडणं एकदम कानात शिरलं. त्याने जयश्रीला जवळ बोलावलं.

"सकाळी माजा हात धरून ती काय म्हनली? तू व्हतीस तिथं."

जयश्री ओढणीचं टोक पिळत राहिली. नको ना बाबा, म्हणाली. पण तो तिच्या तोंडाकडे बघतच राहिला.

"अजून राग हाय का माज्यावर, आसं इचारत व्हती."

सवयीने डोलणारी देवजीची मान या वेळी हलली नाही. सेल बरोबर होता, त्याला सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं.