स्वखुशीने

जान्हवी राऊळने नोकरीच्या इतक्या वर्षांत एकाही माणसाला कामावरून काढलं नव्हतं. हे ती अभिमानाने सांगायची, आणि कागदोपत्री ते खरंही होतं. अंधेरीला मरोळमधल्या तिच्या कंपनीतून माणसं गेली, भरपूर गेली, पण प्रत्येकजण 'मी स्वखुशीने राजीनामा देत आहे' असं लिहून, खाली स्वतःची सही ठोकून गेला.

तिचा हुद्दा एचआर मॅनेजर. म्हणजे माणसं घ्यायची, घेतलेली सांभाळायची, आणि मालकांना नकोशी झाली की आवाज न होता दाराबाहेर पोचवायची. पहिली दोन कामं कुणीही करतं. तिसऱ्या कामात जान्हवीचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्याची तिची रीत ठरलेली होती. माणसाला छोट्या खोलीत बोलवायचं. समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं. पाण्याचा ग्लास आपल्या हाताने पुढे ठेवायचा. मग त्याच्या कामाचं तोंडभर कौतुक करायचं आणि हळूच कंपनीची अडचण काढायची, ती अडचण जणू दोघांची मिळून आहे अशा सुरात. शेवटी विचारायचं, "तुम्हाला काय वाटतं?" आणि गप्प बसायचं. खरी करामत त्या गप्प बसण्यात होती. माणसाला शांतता सोसत नाही. ती भरायला तो काहीबाही बोलत राहतो आणि बोलता बोलता स्वतःच म्हणतो, "मग मीच सोडू का?" त्यावर एकदा "छे, असं कसं!" म्हणायचं. एकदाच. दोनदा म्हटलं तर माणूस शब्द मागे घेतो.

स्टोअरमधले जयवंत तर राजीनामा देऊन वर तिच्यासाठी पेढे घेऊन आले होते. "मॅडम, तुम्ही होतात म्हणून मानाने बाहेर पडतोय," म्हणाले. जान्हवीने पेढा खाल्ला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, पण ज्याचा कापला तोच आभार मानत असेल तर कापणाऱ्याने काय करायचं? तिने दुसरा पेढा डब्यात ठेवून घरी नेला.

घर घाटकोपरला, पंतनगरात. घरात नवरा सिद्धेश आणि सासरे चंद्रप्रकाश, ज्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा मालवणकडचे, मिलमध्ये होते. मिल गेली तेव्हा सिद्धेश जन्मायचा होता. सिद्धेश विक्रोळीच्या एका छापखान्यात मशीन सांभाळायचा. शाईचा रंग एक कण इकडचा तिकडे झाला तरी त्याला लांबून दिसायचं. मूल नव्हतं. डॉक्टर झाले, देव झाले, मग एक दिवस दोघांनी तो विषय बंद केला, आणि त्या जागी कॅनडा आला. रोज रात्री जेवताना तोच विषय. तिकडे बर्फात मशीन कशी सुरू होत असेल, आप्पांना मासे कुठले मिळतील, घर घेतलं तर बाल्कनी हवीच.

तिकडे म्हणे एचआरची अनुभवी माणसं हवी होती. जान्हवीचं शिक्षण, अनुभव, इंग्रजी, सगळं जमेला धरून व्हिसासाठी मार्क मिळायचे. सिद्धेशचेही धरायचे. आणि सिद्धेशची गाडी इंग्रजीत अडकली. परीक्षा देऊन देऊन तो थकला. बोलायला बरा होता, पण लिहायला बसला की वाट लागायची. तरी हट्टाने अभ्यास करायचा. रविवारी ओट्याशी बांगडे साफ करता करता प्राणिसंग्रहालयं बंद करावीत की नाहीत यावर इंग्रजीत भाषण द्यायचा. आप्पा बाहेरून ओरडायचे, "काय म्हणता रे ह्यो? बांगडो इंग्रजी समाजता काय?" आणि तिघंही हसायचे.

मार्गदर्शन करणारा एजंट बोरिवलीला बसायचा. मुकुल त्याचं नाव. पोरगा हुशार आणि तोंडाचा गोड. सिद्धेशची छापखान्यात पाळी होती त्या दिवशी जान्हवी एकटीच गेली, तर त्याने पडद्यावर आकडे फिरवून दाखवले.

"मॅडम, तुमची प्रोफाइल एकदम झकास आहे. अडतंय ते सरांवर."

"पुन्हा देईल तो परीक्षा."

"देऊ दे ना. पण तोपर्यंत तुमचा वाढदिवस येतो आणि वयाचे मार्क अजून कापले जातात. सर सोबत येत नाहीत असं दाखवा. मग तुम्हाला एकटीला धरतील आणि नंबर लागलाच समजा. तिकडे सेटल झालात की बोलवून घ्या त्यांना. नियमात बसतं सगळं."

"आणि मी त्याला काय सांगू?"

मुकुल हसला. "मॅडम, तुम्ही एचआर. मी तुम्हाला शिकवू?"

घरी येईपर्यंत जान्हवीच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: सिद्धेश, मला तुझ्याशिवाय जायचंय. साधं वाक्य, मराठीतलं. हे म्हटलं असतं तर तो चिडला असता, रडला असता, कदाचित म्हणाला असता, जा. पण वाक्य तिचं झालं असतं, आणि त्याचं जे काय होईल तेही तिच्या डोक्यावर बसलं असतं. तिला ते नको होतं. तिला जायचं होतं, मनापासून जायचं होतं. त्या छोट्या खोलीतून तिला सुटायचं होतं. तिकडे गेल्यावर ते तिसरं काम आपल्याला करावं लागणार नाही, असं तिने का कोण जाणे धरून ठेवलं होतं. आणि सुटण्यासाठी तिने काय केलं, तर ती खोलीच घरात आणली.

रविवारी जेवणं झाली. आप्पा आत आडवे झाले. सिद्धेश सोफ्यावर बसून परीक्षेचं पुस्तक चाळत होता. जान्हवीने पाण्याचा ग्लास आणून त्याच्यासमोर ठेवला आणि ती त्याच्या शेजारी बसली.

"किती मेहनत घेतोस रे तू," ती म्हणाली. "पाळी करून वर हा अभ्यास. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं."

"जमतंय कुठे यार?"

"तसं नाही. मुकुल म्हणत होता, आपली दोघांची फाइल अडकलीय. माझा वाढदिवस आला की आपले अजून मार्क जाणार. आप्पांच्या गुडघ्याचंही बघायला हवं आपल्याला. मला तर काही सुचत नाही." तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "तुला काय वाटतं?"

आणि ती गप्प बसली.

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती सुरू होईना. सिद्धेशने पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, पाणी प्यायला. जान्हवीने मान खाली घातली होती. तिला त्याच्याकडे बघायची हिंमत नव्हती असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मान खाली घालणं हाही त्या रितीचाच भाग होता.

"मग असं करू का," सिद्धेश शेवटी म्हणाला. "तू हो पुढे. मी थांबतो आप्पांजवळ. मागून येईन."

"छे, असं कसं रे!"

हे ती एकदाच म्हणाली.

त्यानंतर सिद्धेशने जे केलं ते जान्हवीला सर्वांत जड गेलं. तो ही गोष्ट सगळ्यांना सांगत सुटला. शेजारच्या राधाकाकूंना, छापखान्यात, मुलुंडच्या बहिणीला, गणपतीत गावी गेल्यावर सगळ्या वाडीला. "मीच म्हटलं हिला, तू हो पुढे. चान्स घालवायचा कशाला?" बायका जान्हवीला म्हणायच्या, नवरा मिळावा तर असा. जान्हवी हसायची. फक्त आप्पांनी कौतुक केलं नाही. एकदा चहा पिताना स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आमच्या टायमाक गेटाक टाळां लावल्यानी. निदान समाजला तरी, काम गेला म्हणान." जान्हवीने कप उचलले आणि ती मोरीत जाऊन उभी राहिली.

फाइल पुढे सरकली आणि मुकुलचा फोन आला. "मॅडम, तिकडचे ऑफिसर हल्ली शंका काढतात, मार्कांसाठी नवऱ्याला मागे ठेवला म्हणून. सरांकडून एक पत्र घ्या. वडिलांसाठी थांबतोय, स्वखुशीने थांबतोय, असं त्यांच्या शब्दांत."

'स्वखुशीने' हा जान्हवीचाच शब्द होता. तरी तिने पत्र मागितलं. सिद्धेशने कागद घेतला, जेवायच्या टेबलाशी बसला आणि एका बैठकीत इंग्रजीत लिहून दिला. जान्हवीने सवयीने पेन हातात धरून वाचायला घेतला. पेन तसंच राहिलं. चूक शोधूनही सापडेना. वाक्यं सरळ, शब्द नेमके. परीक्षेत त्याला कधी असं जमलं नव्हतं.

"कुणाकडून लिहून घेतलंस?" तिने विचारलं.

"कुणाकडून घेणार? काय लिहायचं ते ठाऊक असलं की येतं लिहिता."

फाइल पास झाली आणि व्हिसा आला. कंपनीत केक कापला गेला. मालकांनी भाषणात सांगितलं की जान्हवी मॅडमने कधी कुणाचं मन दुखावलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सिद्धेश तिच्या बॅगा भरत होता. त्याला ते काम छान यायचं. कोपऱ्याकोपऱ्यात कपडे घट्ट बसवत, मध्ये कोकमाची आणि पिठाची पाकिटं रचत तो बसला होता. आप्पा खाली गेले होते. जान्हवीला राहवेना. ती खाली फरशीवर त्याच्या जवळ बसली.

"वर्षभरात बोलावते तुला," ती म्हणाली. "तिकडे पाय रोवले की लगेच कागद करते."

"हं."

"तुला खरं नाही वाटत?"

सिद्धेशने हातातला स्वेटर घडी करून ठेवला. "जान्हवी, त्या रविवारी तू पाणी आणून दिलंस ना, तेव्हाच मला कळलं होतं. एरवी मीच उठतो पाण्याला."

"मग तू का म्हणालास तसं?"

"काय करणार होतो? आप्पांना काय सांगू, बायको मला टाकून चालली? त्यापेक्षा मीच थांबलो म्हटलं की बरं दिसतं. चारचौघांत मान वर राहते." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच तिला भय वाटलं. "तुझ्या कंपनीतल्या लोकांनाही कळत असणार गं. तुला वाटतं तू त्यांना गुंडाळतेस. काही नाही. घरी जाऊन सांगायला तू त्यांना एक वाक्य देतेस, त्यासाठी सही करतात बिचारे."

जान्हवीला जयवंत आठवले. त्यांना सगळं कळत होतं आणि तरीही ते पेढे घेऊन आले होते. ते पेढे कुणासाठी होते? घरून निघताना बायकोला दाखवायला? इतकी वर्षं ती ज्याला आपलं कसब समजत होती ती त्या माणसांनी तिच्यावर केलेली मेहेरबानी होती. तिला स्वतःची शिसारी आली.

"सिद्धेश, मी खरंच बोलावीन रे तुला."

"एक सांग मला," तो म्हणाला. "राजीनामा दिलेल्या माणसाला तुमच्यात परत घेतात?"

माणूस कंपनी सोडून गेला की त्याच्या फाइलमध्ये शेवटी एक रकाना भरायचा असतो: हा माणूस पुन्हा घेण्यासारखा आहे का? तो रकाना जान्हवीच भरायची. जयवंतांचाही तिनेच भरला होता, त्यांचा पेढा तोंडात असताना. प्रत्येक वेळी तिने एकच शब्द लिहिला होता. परत आलेला माणूस कशामुळे गेला ते विसरत नाही, आणि कंपनीला तो डोळ्यांसमोर नको असतो.

ती सिद्धेशकडे बघत राहिली. वर्षभराने हा माणूस विमानतळावरून बाहेर येईल, तिच्या नव्या घरात शिरेल, रोज सकाळी तिच्यासमोर बसून चहा पिईल, आणि त्या रविवारबद्दल एक अक्षर बोलणार नाही. तिच्याने ते बघवणार नव्हतं. हे तिला आत्ता कळलं असंही नाही. मुकुलने आकडे फिरवून दाखवले त्या दिवसापासून ते तिला ठाऊक होतं.

'तुला काय वाटतं?' हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. तिने ते गिळले.

"नाही," ती म्हणाली. "नाही घेत."

ती कंपनीबद्दल बोलत नव्हती, हे दोघांनाही कळलं. सिद्धेशने मान हलवली. बॅगेची चेन ओढायला लागला, ती मध्येच अडली. त्याने गुडघा टेकवून बॅग दाबली आणि पुन्हा ओढली.

"हे असं सरळ तेव्हाच म्हणाली असतीस," तो म्हणाला, "तर भांडलो तरी असतो गं तुझ्याशी."