मागची बाजू मोकळी

संध्याने नर्सिंगची पदविका एजंट जागृतीच्या टेबलावर ठेवली, आणि तिची जर्मनीतली नोकरी बेलापूरच्या त्या एवढ्याशा ऑफिसातच अडकली.

"अगं ताई, लॅमिनेशन?" जागृतीने कपाळाला हात लावला. "परदेशासाठीचे शिक्के, अपोस्टीलचं स्टिकर, सगळं मूळ कागदाच्या पाठीवर लागतं. निदान मागची बाजू मोकळी करून आणा. पण फाटलं तर संपलं हं."

दुसरी प्रत मिळायला तीन महिने, आणि तिकडच्या हॉस्पिटलला कागद याच महिन्यात हवे.

हा उद्योग आईचा. करावे गावात खाडीची दमट हवा कागद टिकू देत नाही, म्हणून पुतळाबाईंनी पदविका हातात आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती प्लास्टिकमध्ये बंद करून आणली होती. संध्या फणफणतच घरी आली आणि नको ते बोलून गेली. पुतळाबाईंचा चेहरा उतरला. त्या उठल्या, साबणाने हात धुतले, इस्त्री तापवली.

"आन इकरं."

"आये, नको गं! फाटेल!"

"मुशी सोलताना घाई केली का मास फाटतं. मी कवा फाडलंय?"

चाळीस वर्षं मासळी विकलेली बाई ती. जुन्या लुगड्याचं फडकं कागदावर टाकून तिने इस्त्री नुसती टेकवली, उचलली. नखाने कोपरा सोडवला. डाव्या तळव्याने कागद दाबून उजव्या हाताने प्लास्टिक सपाट मागे ओढलं, तिळातिळाने. जरा अडलं की थांबायची, ऊब द्यायची, दुसऱ्या बाजूने शिरायची. संध्या शेजारी वाकून पाहत होती. ऑपरेशन थिएटरमध्ये तिने नावाजलेल्या सर्जनांचे हात जवळून पाहिले होते. त्या हातांचं तिला कौतुक वाटायचं. आज आईच्या हातांपुढे तिला नमस्कार करावासा वाटला, आणि मघाच्या बोलण्याची लाज वाटली.

दोन तासांनी प्लास्टिक अख्खं निघालं. कागदावर ओरखडा नाही.

दुसऱ्या दिवशी जागृतीने कागदाच्या पाठीवरून बोट फिरवलं. "कुणी काढून दिलं? माझ्याकडे अशी दहा गिऱ्हाइकं येतात."

"आईने," संध्या म्हणाली.

पंधरा दिवसांनी स्टिकर लागून पदविका घरी आली. पुतळाबाई मासळीच्या टोपलीजवळून उठून पाहायला आल्या, पण हात मागेच ठेवले.

"मासलीचा वास लागंल."

संध्याने तो हात ओढून कागदावर ठेवला.

"लागू दे, आये. तेवढाच येईल माझ्यासोबत."