मुंगीच्या पायाचं माप

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाकडे भाची राहायला येऊन पाच महिने झाले होते, आणि एवढ्या दिवसांत तिनं एकदाही काही मागितलं नव्हतं. त्याच्या बहिणीला परदेशात एका इस्पितळात दोन वर्षांसाठी नर्सचं काम मिळालं होतं. मुलीला सोबत न्यायची परवानगी नव्हती, आणि मुलीचे वडील कधीच सोडून गेलेले. तेव्हा आठ वर्षांची पोर दोन बॅगा घेऊन मामाच्या दोन खोल्यांत राहायला आली. आई तिला मुंगी म्हणायची. मामानंही तेच नाव उचललं, कारण दुसरं काय म्हणावं ते त्याला सुचलं नाही.

मामानं लग्न केलं नव्हतं. लहान मुलाशी बोलायचं काय, हे त्याला कळत नसे, आणि मुंगी बोलायची वेळच येऊ देत नसे. सकाळी त्याच्या आधी उठून पांघरुणाची घडी घालायची, ताटात येईल ते संपवायची, नऊ वाजले की आपला दिवा आपणच मालवायची. कामावर कुणी विचारलं, कसं काय जमतंय, तर तो मोठ्या समाधानानं सांगायचा की घरात पोर आहे हे कळतसुद्धा नाही. फोनवर बहिणीलाही तो हेच सांगायचा. ती म्हणायची, गुणाची आहे माझी. मग फोन संपायचा.

एकदा दप्तरातून डबा काढताना त्याला शाळेची चिठ्ठी सापडली. दर शनिवारी वर्गाला बर्फावरचं स्केटिंग शिकवायला रिंकवर नेणार होते. तिथले भाड्याचे बूट थोडेच होते आणि झिजलेले, म्हणून शक्य असेल त्यानं स्वतःचे आणावेत, असं लिहिलं होतं. चिठ्ठी नऊ दिवसांपूर्वीची होती. त्यानं विचारलं तेव्हा मुंगी म्हणाली की बूट नसले तरी चालतं, बाकावर बसून बघायला बाईंनी परवानगी दिली आहे. दुसऱ्याच दिवशी त्यानं अर्धी रजा टाकली आणि तिला घेऊन निघाला.

रिंकच्या मागच्या अंगाला स्केटिंगच्या बुटांचं एक दुकान होतं. एकच खोली, छतापर्यंत रचलेली खोकी, जमिनीवर काळी रबरी चटई आणि पाती घासायच्या यंत्राचा लोखंडी वास. दुकान चालवणारी बाई साठीची होती. तिच्या गळ्यात नेहमी चार-सहा बुटाच्या नाड्या लोंबत, म्हणून येणारी मुलं तिला नाडीमावशी म्हणत.

मामा ठरवूनच आला होता. वाढतं पाऊल आहे, दोन नंबर मोठे द्या, पुढच्या वर्षीही चालतील, असं त्यानं सांगून टाकलं. नाडीमावशीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली की मोठ्या बुटात पाय आतल्या आत हिंडतो, घोटा लटपटतो, पोर सारखं पडतं आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. लिफ्ट आणि मजला यांच्यात बोटभर जास्त फट दिसली तर मामा स्वतः लिफ्ट बंद करून टाकत असे. त्यानं मान डोलावली.

मावशी बुटक्या स्टुलावर बसली आणि तिनं मुंगीला विचारलं, रोजच्या बुटाचा नंबर काय. मुंगीनं तीस सांगितला. मावशीनं तीसचेच स्केट्स काढले, तिच्या पायात घातले आणि विचारलं, कसं वाटतंय.

"छान आहेत," मुंगी म्हणाली.

मावशीनं एकतीसचे घातले. तेही छान होते. मग मावशीनं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, उठली, मागच्या रांगेतून एक खोकं काढलं आणि अठ्ठावीसचे बूट जोर लावून तिच्या पायात चढवले. मुंगीचे ओठ आवळले गेले.

"हे?"

"हेपण छान आहेत."

मामाला हसू आलं, पण मावशी हसली नाही. तिनं बूट लगेच काढले, मग पायमोजेही काढले आणि त्याला जवळ यायची खूण केली. तो गुडघे टेकून बसला. भाचीचं पाऊल तो पहिल्यांदाच बघत होता. अंगठ्याचं नख काळं पडलेलं, करंगळी शेजारच्या बोटाखाली मुडपलेली, टाचेवर जुन्या फोडांच्या खुणा. हे आज दुकानात झालेलं नव्हतं. तीस नंबरचे शाळेचे बूट दाराशी नीट जोडून ठेवले होते.

"हिला विचारून काही कळायचं नाही," मावशी म्हणाली. "हिच्या पायालाच विचारावं लागेल."

मग तिनं मुंगीला अगदी हळू आवाजात विचारलं की दुखत असताना छान म्हणायला कुणी सांगितलं. मुंगीनं मामाकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"आईनं सांगितलंय, मामाला त्रास द्यायचा नाही."

घरात पोर आहे हे कळतसुद्धा नाही, हे आपलंच वाक्य मामाच्या कानात वाजत राहिलं. किती जणांना सांगितलं होतं त्यानं ते, आणि केवढ्या तोऱ्यात.

मावशीनं पुढचं सगळं न विचारता केलं. मुंगीला कागदावर उभं करून दोन्ही पावलं मोजली. उजवं किंचित मोठं निघालं, म्हणून तेच धरलं. बत्तीसच्या बुटातला आतला तळ बाहेर काढून तिला त्यावर उभं केलं आणि बोटांपुढे किती जागा उरते ते पाहिलं. बूट घातल्यावर बोटं पुढे सरकवायला लावून टाचेमागे आपलं एक बोट घातलं. ते जेमतेम गेलं. मग टाच मागे ठोकायला लावली आणि नाडी मामाच्या हातात दिली. दर शनिवारी मावशीला रिंकवर यायला जमणार नव्हतं, हे काम त्यालाच करावं लागणार होतं. पंजावर सैल, घोट्यापाशी घट्ट, वर पुन्हा जरा मोकळी. पहिल्यांदा त्यानं इतकी हळुवार बांधली की टाच उचलली गेली. दुसऱ्यांदा नीट बसली.

पंधरा मिनिटं मुंगी रबरी चटईवर गुडघे वाकवून उभी राहिली. मग बूट काढून मावशीनं पावलं उलटसुलट करून पाहिली. लाल खूण कुठेच नव्हती. मावशी म्हणाली, झालं काम. शाळेचे बूट मात्र तिनं मुंगीला परत घालू दिले नाहीत. मामानं तिला उचलून घेतलं आणि कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानापर्यंत तसंच नेलं. ती त्याच्या खांद्यावर अवघडून, अंग चोरून बसली होती. आपला भार पडू नये म्हणून.

त्या संध्याकाळी बहिणीचा फोन आला. स्केट्सचं ऐकून तिला आनंद झाला. कितव्या नंबरचे, तिनं विचारलं. त्यानं सांगितलं.

"बत्तीस?" ती म्हणाली. मग तिनं सांगितलं की तिनं तिकडून सँडल पाठवलेत, तीसचे, गेल्याच आठवड्यात. "मला काही बोलली नाही रे ती."

"मलाही नाही," तो म्हणाला.

काळ्या नखाचं त्यानं तिला सांगितलं नाही. सांगून ती तिकडून काय करणार होती? कुणाला तरी देऊन टाक ते सँडल, ती म्हणाली आणि आपली कामाची पाळी सुरू होतेय असं सांगून तिनं फोन ठेवला. मुंगी पलीकडच्या खोलीत अभ्यास करत होती. तो दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला की आजपासून काही दुखलंखुपलं तर तिनं त्याला सांगायचं, त्याला त्याचा त्रास होत नाही. मुंगी हो म्हणाली. ती प्रत्येक गोष्टीला जसं हो म्हणायची, अगदी तसंच.

शनिवारी त्यानं रिंकच्या बाकावर बसून तिच्या नाड्या बांधल्या आणि ती कठड्याला धरून बर्फावर उतरली. बाकीचे आईबाप एकमेकांना ओळखत होते, घोळक्यानं उभे राहून गप्पा मारत होते. तो एकटाच टोकाला बसला. मुंगी दोनदा पडली. दोन्ही वेळा तिनं आजूबाजूला पाहिलं नाही. हात टेकून उठली आणि पुन्हा कठडा धरला. त्यानं वर केलेला हात तिला दिसलाच नाही. इतर मुलं पडली की ओरडून कुणाला तरी बोलवत होती, आणि कुणीतरी हसत कठड्यापाशी जात होतं.

अर्ध्या तासानं ती कठड्याच्या दारातून बाहेर आली आणि पात्यांवर डगमगत त्याच्यासमोर येऊन थांबली. घोट्यापाशी नाडी सैल झाली होती. एका हातानं बाकाची पाठ धरून तिनं पाय उचलला आणि बर्फ लागलेलं पातं सरळ त्याच्या गुडघ्यावर ठेवलं.

त्यानं नाडी सोडली, पुन्हा ओवली, घट्ट ओढली. "एवढी?" त्यानं विचारलं.

तिनं विचार केला. "अजून थोडी," ती म्हणाली.

त्यानं अजून थोडी ओढली. ती पाय काढून निघून गेली, मागे वळून न बघता. तो गुडघ्यावरचा ओला डाग हातानं पुसत बसून राहिला, आणि पलीकडच्या कठड्याशी तिची निळी टोपी दिसेपर्यंत त्यानं नजर हलवली नाही.