गाडी झकास चाललीय

त्या दिवसांत आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी सासूबाई आधी जिन्याकडे बघायच्या आणि मग भांड्याकडे. वरच्या खोलीत माझा धाकटा दीर झोपलेला असायचा. खरं म्हणजे नुसता पडलेला, कारण झोप त्याला येतच नव्हती.

त्याला घरात सगळे खटपट्या म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता, आणि आल्याच्या आठवड्यात त्यानं माझी इस्त्री उघडून तिचे भाग ओळीनं मांडून ठेवले होते. मी जी तोंडाची तोफ डागली, तिची नक्कल तो पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना करून दाखवायचा. पुढे तो एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करायला लागला. कारखाना बंद पडला. बरोबरची माणसं इकडेतिकडे कामाला लागली, ह्यानं मात्र अंथरूण धरलं. दाढी वाढली. ताट वर जायचं आणि निम्मं तसंच खाली यायचं. डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या, आणि सासूबाईंनी हुकूम काढला: त्याच्या मनाला लागेल असं एक अक्षर कोणी बोलायचं नाही.

झालं. घरातला प्रत्येक माणूस साखरेत घोळून बोलायला लागला. माझा नवरा एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी तोंड वाकडं करतो, तोसुद्धा भावाशी बोलताना अंगाई म्हटल्यासारखा बोलायचा. मी जात्याच तिखट. मला हे गोड बोलणं फार जड जायचं, पण मीही गप्प बसले. त्याला उठलेलं बघायचं होतं मला. तो पोरगा माझ्या डोळ्यांसमोर मोठा झालेला.

आणि एक दिवस तो उठला. आंघोळ करून, दाढी करून खाली आला. हातात एक खोकं होतं.

"वहिनी, तुझ्या गाडीला हे बसवू?"

खोक्यात एक जाडजूड काळा पाइप होता आणि त्याच्या टोकाला लाल शंकूसारखा फिल्टर. कंपनीनं दिलेला हवेचा डबा काढायचा आणि त्याजागी हे बसवायचं. इंजिनाला हवा मोकळी मिळते, चढावर गाडी दमत नाही, असं तो सांगत होता. सांगताना त्याचे हात हलत होते. किती महिन्यांनी मी ते हात हलताना बघत होते.

गाडी माझी. नुसती माझी नाही, माझं पोट तिच्यावर. किडनीच्या पेशंटना घरून उचलायचं, डायलिसिसला इस्पितळात सोडायचं, परत घरी पोचवायचं, हे माझं काम. दुसऱ्या कोणी त्या बोनेटला हात लावला असता तर मी हात मोडला असता. पण तो दाढी करून आला होता. मी किल्ली त्याच्या हातात दिली.

दुपारभर अंगणात ठोकाठोक चालली. संध्याकाळी इंजिन असं काही गुरगुरलं की आम्ही सगळे धावत बाहेर आलो. नवऱ्यानं टाळ्या वाजवल्या. शेजारच्या काकू गच्चीवरून "शाब्बास रे!" म्हणाल्या. सासूबाईंनी तर पदर डोळ्यांना लावला. त्या दिवशी खटपट्या आमच्यात बसून जेवला, आणि पुन्हा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टिअरिंगमागच्या काट्यांमध्ये इंजिनचा पिवळा दिवा लागला.

आधी मी म्हटलं, लागला असेल. मग सिग्नलला उभी राहिले की गाडी थरथरायला लागली. वेग कमी केला की बंद पडायची. जळक्या तेलाचा वास आत यायचा. माझ्या गाडीतून एक निवृत्त शिक्षिका जायच्या, सगळे त्यांना बाईच म्हणायचे. त्या मागून म्हणाल्या, "अगं, तुझी गाडी माझ्यापेक्षा आजारी दिसतेय." मी हसले, पण आतून माझं धाबं दणाणलं होतं.

घरी सांगायची सोय नव्हती. आमच्या रस्त्यावरच्या गॅरेजात नेली असती तर संध्याकाळपर्यंत बातमी वरच्या खोलीत पोचली असती. म्हणून चोरासारखी लांबच्या एका गॅरेजात गेले. तिथल्या मेकॅनिकनं यंत्र जोडून बघितलं आणि म्हणाला, "हवेचा हिशेब लागत नाहीये ताई. सेन्सर मोजतोय एक आणि आत जातेय जास्त." नव्या फिल्टरला लावलेलं तेल सेन्सरवर उडालं असेल म्हणून त्यानं सेन्सर साफ केला. दिवा गेला. मी सुटकेचा श्वास टाकला, आणि पुढच्याच फेरीत दिवा परत हजर. मग त्यानं पाइपाचे दोन्ही सांधे आवळले. परत दिवा गेला, परत आला. शेवटी त्या शहाण्यानं हात झटकले.

"हे नवीन सगळं काढा आणि जुना डबा लावा. अर्ध्या तासाचं काम आहे."

अर्ध्या तासाचं काम! माझ्या घरात येऊन करून दाखव म्हणावं.

मी सासूबाईंकडे विषय काढला. त्या कणीक मळत होत्या. ऐकता ऐकता त्यांचे हात थांबले.

"तू हवं तर ती गाडी ढकलत ने. पण त्याला कळू देऊ नकोस. पहिल्यांदा काहीतरी केलंय गं पोरानं."

"आई, काम जाईल माझं."

"काम दुसरं मिळेल."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "थोडं सांभाळून घे." मी म्हटलं, मी घेईन रे, पण इंजिनाला कोण समजावणार? तो कूस बदलून झोपला. हा त्याचा ठरलेला उपाय.

रोज संध्याकाळी मी आले की खटपट्या जिन्यात उभा असायचा.

"वहिनी, गाडी कशी चाललीय?"

"झकास!"

तो क्षणभर तसाच उभा राहायचा, मग वर जायचा. मी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली, म्हणजे तो कधी गाडीत डोकावला तरी दिसू नये. दिवा दिसेनासा झाला, थरथर काही लपेना. माझ्या स्वतःच्या गाडीत मला कोंडून घातल्यासारखं व्हायचं. खरं बोलले तर तो पुन्हा पांघरुणात जाणार, आणि खोटं बोलले तर एक दिवस बाईंना भर रस्त्यात घेऊन अडकणार. आणि तसंच झालं. इस्पितळाच्या वळणावर गाडी बंद पडली, बाईंना पोचायला उशीर झाला, आणि तिथल्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "पुन्हा असं झालं तर आम्हाला दुसरी गाडी बघावी लागेल."

इकडे खटपट्याचं ताट पुन्हा निम्मं परत यायला लागलं होतं. सासूबाई म्हणाल्या, गोळ्यांनी होत असेल.

त्याला डॉक्टरांकडे न्यायचा दिवस आला. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून मीच निघाले. जाताना गाडीनं अब्रू राखली. डॉक्टरांच्या इमारतीचं पार्किंग तळघरात होतं आणि बाहेर पडायला एक गोल चढ, जेमतेम एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना भिंती. परत निघालो आणि त्या चढाच्या ऐन मध्यावर इंजिन फुसकन बंद पडलं.

मी हँडब्रेक ओढला. किल्ली फिरवली. इंजिन लागलं, थरथरलं, मेलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. मागे एक हॉर्न वाजला, मग दुसरा, मग त्या बोगद्यात हॉर्नशिवाय काही ऐकूच येईना. पुढे जाता येत नव्हतं. मागे गाड्यांची रांग लागलेली.

"काही नाही रे," मी साखर घोळली, "पेट्रोल खराब मिळालं असेल."

"वहिनी, दिवा कुठाय?"

"कसला दिवा?"

"किल्ली फिरवली की इंजिनचा दिवा एकदा तरी लागतो. तुझ्या गाडीत तो लागतच नाही." तो वाकला, नखानं चिकटपट्टी खरवडली आणि ओढून काढली. खाली पिवळा दिवा सुखानं जळत होता.

मागून कोणीतरी हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. आणि माझा तोल गेला.

"हो, लागतो! तू ते धूड बसवलंस तेव्हापासून लागतोय! दर चौकात मरते ही गाडी! चोरून गॅरेजात फेऱ्या मारून मारून माझा जीव गेला! माझं काम जायची वेळ आली! कोणी सांगितलं होतं रे तुला? चांगल्या चाललेल्या गाडीची वाट लावलीस!"

बोलून गेले आणि तोंडावर हात धरला. आता काय केलं मी हे? घरच्यांनी इतके महिने जपलेलं मी एका दमात फोडून टाकलं होतं. त्याच्याकडे बघायची हिंमत होईना.

"पुढे बोल ना," तो म्हणाला.

मी बघितलं. त्याचे डोळे भरले होते, पण चेहरा पडलेला नव्हता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "रोज सकाळी तू गाडी चालू केलीस की मी वरून ऐकायचो. आत फुसफुस होते. त्या दिवशी खालची एक बारकी नळी जोडायची राहिली होती. तेवढ्यात तुम्ही सगळे बाहेर आलात. दादा टाळ्या वाजवायला लागला, आई रडायला लागली. अजून झालं नाहीये असं कसं सांगणार? मी बोनेट लावून टाकलं. म्हटलं, सकाळी वहिनी ओरडेल, मग जोडून देईन."

"मग गुपचूप खाली येऊन जोडायची ना, मूर्खा!"

"तेच ठरवायचो. पण रोज विचारलं तर तू म्हणायचीस झकास. मग खाली यायची ताकदच जायची." तो खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत बोलत होता. "म्हटलं, वहिनीसारखी वहिनी बोलत नाही, म्हणजे संपलं. आपण केलेलं बिघडलं तरी ह्यांना चालतंय. आपल्याकडून काही नीट होईल असं आता ह्या घरात कोणाला वाटतच नाही."

आम्ही त्याला जपत होतो आणि तो वर बसून हे ऐकत होता. मला रडू फुटलं. ते मी लपवलं नाही.

"उतर," तो म्हणाला. "माझ्या बाजूला भिंत आहे. तुझ्या दारातून येतो."

मी अंग चोरून बाहेर निघाले. तो गिअरवरून पाय टाकत, धडपडत माझ्या मागून आला. बोनेट उघडलं, मला परत बसवून इंजिन चालू करायला लावलं आणि पाइपाच्या खाली, मागच्या बाजूला हात घातला. त्यानं कुठेतरी बोट दाबलं मात्र, आणि थरथर थांबली. इंजिन शांत, एका लयीत चालायला लागलं. बोट काढलं की पुन्हा फुसफुस.

"इथून फुकटची हवा घुसतेय," तो ओरडून म्हणाला. "रबर दे केसांचं!"

मी केस सोडून रबर दिलं. मागच्या गाडीतला माणूस तणतणत वर आला. "काय तमाशा आहे हा? चालवता येत नाही तर गाड्या काढता कशाला?"

"दोन मिनिटं, साहेब," खटपट्या बोनेटखालून म्हणाला. "चूक माझी आहे. मीच नळी सोडली होती." हे तो इतक्या ऐटीत म्हणाला की तो माणूस पुढचं बोलायचंच विसरला.

नळी बसवून, तिच्यावर रबराचे वेढे देऊन आम्ही वर आलो. घरापर्यंत गाडी एकदाही बंद पडली नाही.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. माझे मोकळे केस आणि त्याचे काळे हात बघून त्यांचा चेहरा उतरला.

"आई, वहिनीची गाडी मी बिघडवून ठेवली होती," खटपट्या म्हणाला. "पार वाट लावली होती."

तो थांबला. त्या काय म्हणतात ह्याची वाट बघत थांबला. मी सासूबाईंना डोळ्यांनी खुणावत होते, बोला, काहीतरी कडक बोला. पण त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याच हळू, गोड आवाजात म्हणाल्या, "असू दे रे बाळा. तू काही मनाला लावून घेऊ नकोस. जा, पड जरा वर जाऊन."

त्याच्या तोंडावरचं सगळं तेज विझलं. तो जिना चढला. वरच्या खोलीचं दार लागलेलं आम्ही ऐकलं.

सासूबाई माझ्याकडे वळल्या आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी जिन्याच्या पायथ्याशी गेले, कठड्याला धरलं आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"अरे ए खटपट्या! झोपतोस काय? त्या नळीला क्लिप कोण लावणार? उद्या सकाळी गाडी बंद पडली ना, तर बाईंना तुझ्या पाठीवर बसवून इस्पितळात पाठवीन! खाली ये आधी!"

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. शेजारच्या काकूंनी खिडकी उघडली.

मग वरचं दार उघडलं.

"ओरडतेस काय?" तो वरूनच ओरडला. "पाना कुठे ठेवलायस?"