विहीर पास झाली

तिने लिफाफा फाडला, कागद उलगडला आणि शेवटची ओळ दोनदा वाचली : पाणी पिण्यास योग्य.

"पास झाली ना विहीर?" मावशीने हात पुसत विचारलं.

"झाली."

"मग तोंड का असं, एरंडेल प्यायल्यासारखं?"

ती उठून विहिरीवर गेली. समोरचा डोंगर निकेलच्या खाणीने पायऱ्यापायऱ्यांनी कापून नेला होता. पाऊस आला की उरलेली लाल माती खाली यायची. तिने बादली सोडली. वर आलं ते पाणी विटेच्या रंगाचं होतं.

पाणी तपासणीच्या कार्यालयात ती मदतनीस होती. ही विहीर यादीत यावी म्हणून सहा महिने तिने साहेबांचं डोकं खाल्लं होतं. विहीर नापास झाली असती, तर खाणीला वस्तीसाठी टँकर लावावा लागला असता.

"मावशी, नमुन्याच्या बाटलीत कुठलं पाणी भरलंस?"

"इथलंच. पण असलं गढूळ पाठवायचं साहेबाकडे? चार लोकांत शोभा! तुरटी फिरवली, निवळू दिलं, दुहेरी फडक्यातून गाळलं. तूच म्हणालीस ना, स्वच्छ भर?"

ती म्हणाली होती. बाटली स्वच्छ धुऊन, एवढंच तिला सांगायचं होतं. त्या दिवशी अकरा घरं करायची होती. बाटली ठेवून ती पुढे गेली होती.

तिने साहेबांना फोन लावला.

"दुसरा नमुना? तो आता तीन वर्षांनी," साहेब म्हणाले. "का? भरताना तू समोर नव्हतीस? सही तर तुझीच आहे."

फोन तिने दुसऱ्या कानाला लावला.

"होते, साहेब."

"मग झालं तर."

कुंपणापाशी शेजारीण आली होती. कडेवर तान्हं, हातात रिकामी कळशी. रोज ती टेकडीपलीकडच्या झऱ्यावर जायची.

"पास झाली म्हणे. भरू ना, ताई? तेवढीच पायपीट वाचेल."

"नको. पाणी वाईट आहे."

"आणि कागद?"

"कागद चुकलाय."

शेजारणीने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"सरळ सांगा ना ताई, आमच्या विहिरीला हात लावू नका म्हणून."

"अगं, पाण्याला कुणी नाही म्हणतं का!" मावशी भाचीवर डाफरली. तिने शेजारणीच्या हातून कळशी घेतली आणि दोर खाली सोडला.