ओढणारा कोण?

तीन आठवड्यांपूर्वी माझ्या धाकट्या दिरांच्या डाव्या हाताची दोन बोटं छापखान्यातल्या कटिंग मशीनखाली गेली. काल मालकाने घरी एक कागद पाठवला. अपघाताचा अहवाल म्हणे! एकच पान, सगळं इंग्रजीत, आणि सही जिथे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलेली.

मी शब्दकोशाच्या कचेरीत आहे. इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लावण्यात माझी अठरा वर्षं गेली. म्हणून भावजींनी तो कागद माझ्यासमोर ठेवला.

"वहिनी, कारणाच्या रकान्यात एवढा एकच शब्द आहे. डिस्ट्रॅक्शन. म्हणजे काय?"

"लक्ष विचलित होणं."

"म्हणजे चूक माझी."

"सही केलीत तर तसंच ठरेल. मग दुसऱ्या कुठल्याही छापखान्यात कुणी तुम्हाला मशीनला हात लावू देणार नाही."

भावजी बँडेजकडे बघत राहिले. "झालंच होतं की हो लक्ष विचलित. करून टाकतो सही. कशाला उगाच वाकड्यात शिरायचं?"

माझं डोकंच फिरलं. कपाटातून जाडा कोश काढला आणि टेबलावर आपटला.

"ऐका. शब्द मूळचा लॅटिन. 'डिस' म्हणजे वेगवेगळ्या दिशांना आणि पुढच्या भागाचा अर्थ ओढणं. ट्रॅक्टर हा शब्दही याच घराण्यातला. माणसाला इकडून तिकडून ओढून त्याच्या चिंध्या करणं, असा याचा अस्सल भाव. एके काळी वेड लागण्याला हाच शब्द वापरत. पुढे झिजला, आणि आता मन रमवायच्या गोष्टीलाही हाच चालतो."

"बोटं माझी गेली आणि तुम्ही ट्रॅक्टर काय काढलात?" भावजी अपघातानंतर पहिल्यांदाच हसले.

"ओढलं म्हटलं की ओढणारा आलाच. कागदावर तो कुठे आहे? तुम्हाला कोण ओढत होतं तेव्हा?"

ते हळूहळू बोलायला लागले. मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच पातं खाली येतं, म्हणजे एकही हात पात्याखाली राहत नाही. पण मालकाने काउंटरवरचा माणूस काढून टाकला आणि गिऱ्हाइकांचा फोन मशीनशेजारच्या भिंतीवर आणून लावला. तीन रिंगच्या आत उचलायचा, असा हुकूम. फोनसाठी एक हात मोकळा हवा, म्हणून डावं बटण पट्टी चिकटवून कायमचं दाबून ठेवलेलं.

"पट्टी कुणी लावली?"

"मीच. मालकांनी सांगितलं म्हणून."

"आणि त्या दिवशी फोन कुणाचा होता?"

"त्यांचाच. आतल्या खोलीतून. 'पत्रकं झाली का, हो की नाही ते पटकन सांग,' म्हणाले. रिसीव्हर मानेत धरला होता, डाव्या हाताने गठ्ठा सरळ करत होतो. 'झालीच' म्हणालो आणि उजव्या हाताने बटण दाबलं."

आणि हा माणूस म्हणे विचलित! अरे, चोर तो चोर, वर शिरजोर! शब्दाचं मूळ दाखवून कुणी भांडण जिंकत नाही, हे मलाही कळतं. पण इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. आज सकाळी कचेरीत रजा टाकली आणि भावजींबरोबर छापखाना गाठला.

मालक दारातच भेटले. "अहो ताई, एका शब्दाचा एवढा बाऊ कशाला? सगळीकडे हेच लिहितात. बघा, माझ्या मनात याच्याबद्दल काहीही नाही."

मी तो अहवाल दाराशेजारच्या टेबलावर ठेवला. "तुमच्या मनात काय आहे ते कुणी विचारलंय? कागदावर काय आहे ते बोला. फोन कुणाचा होता, बटण कुणी दाबून ठेवायला लावलं, ते लिहा त्यात."

"आता याचं लक्ष नव्हतं त्याला मी काय करू?"

माझ्या तोंडावर आलेलं मी बोलणार, तेवढ्यात लक्षात आलं की भावजी शेजारी नाहीत. ते मशीनपाशी पोचले होते. मशीनवर बाइंडिंगमधल्या बाई उभ्या होत्या. रिसीव्हर मानेत, एक हात पात्याखाली गठ्ठा सरळ करतोय, दुसरा उजव्या बटणावर. डाव्या बटणावर पट्टी तशीच. तीन आठवड्यांत ती कुणी काढलीसुद्धा नव्हती.

भावजींनी भिंतीवरचा मुख्य खटका खाली ओढला. मशीन थांबलं. मग उजव्या हाताच्या नखांनी त्यांनी ती पट्टी खरवडून काढली. सावकाश काढली, कारण दुसऱ्या हाताचा उपयोग नव्हता. बाइंडिंगच्या बाईंनी रिसीव्हर खाली ठेवला. जुळणीवाले, छपाईवाले सगळे हातातलं काम सोडून जवळ आले.

"मशीन का बंद केलं?" मालक ओरडले. "लक्ष कुठे आहे सगळ्यांचं?"

भावजींनी पट्टी मालकांसमोर, टेबलावरच्या त्या अहवालावर ठेवली.

"इथे आहे, साहेब," ते म्हणाले. "सगळ्यांचं. आता लिहा."