किंचित कमी

“‘किंचित’ आणि ‘शक्यता’? अहो बद्रीनाथ, असा मथळा वाचून कुणी हातातला चहा तरी खाली ठेवील का?” वृत्तसंपादक श्रीधरराव हसले आणि त्यांनी लाल पेन उचललं.

शहागंजातल्या त्या दैनिकात बद्रीनाथला लागून वर्षही झालं नव्हतं. वेधशाळेचा पावसाळ्याचा अंदाज त्यानं जपून मराठीत आणला होता : देशात यंदा पाऊस सरासरीपेक्षा किंचित कमी राहण्याची शक्यता. श्रीधररावांनी त्यावर रेघ ओढून लिहिलं, ‘मराठवाड्यावर दुष्काळाचे सावट’.

“सर, अंदाज सगळ्या देशाचा आहे. मराठवाड्याचं त्यात नावही नाही.”

“देशाचं इथं कोण वाचतंय? पहिल्या पानावर घेतोय बातमी. तुमच्या नावानिशी.”

नाव म्हटल्यावर बद्रीनाथ गप्प बसला. इतकंच नव्हे, तर सकाळी त्यानंच गावी, पिशोरला, शेजारच्या तात्यासाहेबांकडे फोन लावून सांगितलं, “मायला आजचा पेपर वाचून दाखवा.”

पंधरवड्यानं तो गावी गेला, तर गोठा रिकामा. वडील गेल्यापासून त्या घरात माय, चतुराबाई, आणि चंद्री म्हैस, दोघीच होत्या. चतुराबाई दिवसभर तिच्याशीच बोलायची.

“माय, चंद्री कुठंय?”

“इकली.”

“गाभण म्हैस इकली? का?”

“तूच लिव्हलं ना, दुष्काळ येनार म्हून. तात्यासायबानं दोनदा वाचलं. म्हशीला पानी लई लागतं, बाबा. डोळ्यापुढं तडफडून मरन्यापरीस गेलेली बरी.” मग तिचा चेहरा जरा उजळला. “समदं गाव म्हनतंय, चतुराबाईच्या पोराला आधीच कळतं.”

त्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं फक्त म्हैस कुणी नेली तेवढं विचारलं. व्यापाऱ्याचा पत्ता काढून तो कन्नडच्या बाजारापर्यंत जाऊन आला. चंद्री तिथून कधीच पुढं गेली होती. कुठं, ते व्यापाऱ्यालाही सांगता आलं नाही.

त्या साली पावसानं कसूर केली नाही. ओढे वाहते राहिले, बांधांवर गुडघाभर गवत माजलं. पारावरची माणसं ‘बद्रीनाथचा दुष्काळ’ म्हणून हसू लागली, तशी चतुराबाई त्यांच्यावर तुटून पडली. “पोरानं खरंच लिव्हलं व्हतं. पाऊसच फिरला, त्याला त्यो काय करीन?”

हे बद्रीनाथच्या कानावर आलं. महालक्ष्म्यांच्या सणाला तो घरी आला. माय ओसरीवर डाळ निवडत होती.

“माय, पाऊस नाही फिरला. अंदाज तसा नव्हताच. ‘किंचित कमी’ एवढंच होतं. दुष्काळ आमच्या हापिसात घातला. मला ठावं होतं, अन् मी गप बसलो.”

चतुराबाईचा हात थांबला.

“किंचित म्हंजी किती?”

“थोडंसं.”

“थोडंसं,” ती म्हणाली. “थोड्याशासाठी म्या चंद्रीला घालवली असती व्हय, बाबा?”

ती रागावली नाही, रडलीही नाही. ताट बाजूला सारून तिनं विळा घेतला आणि बांधावर गेली. हिरवंगार गवत कापून तिनं भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि सवयीनं गोठ्याच्या दारापर्यंत आली. तिथं क्षणभर उभी राहिली. मग ओझं न उतरवताच वळली आणि तात्यासाहेबांच्या गुरांकडे चालू लागली.